भिंतीकडं तोंड केलेली कोनशिला

उद्घाटनाला आलेला माणूस पुढारी बघतो, मांडव बघतो, जेवणाची पंगत कुठं बसणार ते बघतो. मी भिंत बघतो. गिलावा सुकलाय का, भिंत ओळंब्यात आहे का, स्क्रू धरतील का. पुढाऱ्यानं दोरी ओढली, पडदा सरकला आणि टाळ्या वाजल्या, की त्यातल्या दोन-चार टाळ्या आपल्या असं समजून मी मागच्या मागं चहाला जातो.

मी कोनशिला कोरतो. म्हणजे ते काळे चकचकीत दगड, सोनेरी अक्षरांचे, ज्यांच्यावर अमुक यांच्या शुभहस्ते तमुक इमारतीचं लोकार्पण झालं असं लिहिलेलं असतं आणि जे उद्घाटनानंतर कोणीही वाचत नाही. आमचं संभाजीनगरातलं दुकान वडिलांनी टाकलं. पाहुणे आले की हटकून विचारतात, "म्हणजे तुम्ही वेरूळच्या कारागिरांचे वारस का?" मी म्हणतो, "नाही हो, आमचा दगड आंध्रातून ट्रकनं येतो." बिचाऱ्यांची फार निराशा होते.

धंदा समजायला सोपा आहे. पूर्वी छिन्नी-हातोडी होती. आता दगडावर रबराचा पत्रा चिकटवायचा, अक्षरांच्या आकाराचं रबर कापून काढायचं आणि वाळूचा फवारा मारायचा. रबर असतं तिथं दगड शाबूत राहतो, नसतं तिथं खोल जातो. मग त्या खाचेत सोनेरी रंग भरायचा. झालं काम. अवघड भाग दगडाचा नाहीच, नावांचा आहे. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाच्या नावाआधी काय लावायचं. यावरून मी भाऊ-भाऊ दुकानात भांडताना बघितलेत आणि मधे पडून दोन्हीकडून शिव्या खाल्ल्यात.

एका नगरसेवकानं तर दगड न्यायच्या दिवशी खिशातून टेप काढला. स्वतःचं नाव मोजलं, विरोधकाचं मोजलं.

"मिस्त्री, त्याचं नाव माझ्यापेक्षा चार बोटं लांब कसं काय?"

"साहेब, त्यांच्या आई-वडिलांनी लांब ठेवलं. मी काय करू?"

"ते मला माहीत नाय. माझी ओळ भरली पाहिजे."

मग मी त्यांच्या नावापुढं 'यांच्या अथक प्रयत्नांतून' असं टाकलं. ओळ भरली. माणूस इतका खूश झाला की जाताना मला मिठी मारली. ते काम म्हणजे एका गल्लीतली गटार होती, पण अथक प्रयत्न हे अथक प्रयत्नच असतात.

आणि एक आहेत खुलताबादचे म्हातारे चाचा. ते स्वतःच्याच कबरीचा दगड सांगायला आले. उर्दू मजकूर लिहायला आमचे शेजारी उस्मानभाई आहेत, ते लिहितात आणि मी कोरतो. चाचांनी सगळं वाचून घेतलं, मान डोलावली आणि तारखेच्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "हां इधर खाली जगा रखो मिस्त्री. जल्दी नक्को." तेव्हापासून दर ईदेला चाचा दुकानात येतात, कोपऱ्यात उभा केलेला आपला दगड फडक्यानं पुसतात, शीरखुर्म्याचा डबा माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "अभी टैम हय." माझ्या दुकानातला हा एकच दगड आहे, ज्याची डिलिव्हरी लांबली की आम्हा सगळ्यांना आनंद होतो.

आता धंद्यातल्या दोन खोडी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

पहिली खोड तारखेची. पुढाऱ्याची तारीख आणि लहान लेकराची झोप, दोन्हींचा भरवसा नाही. म्हणून मी दुकानात तारीख कोरतच नाही. जागा मोकळी सोडतो, छिन्नी-हातोडी आणि रंगाची डबी पिशवीत घालून दगडाबरोबर स्वतः जातो, आणि पाहुण्याची गाडी गावाच्या शिवेत आली असं पक्कं कळलं की मगच तारीख घालतो. रंग ओला असतो, पण पडदा पुढं असतो. बोट लावायला कोणी येत नाही.

दुसरी खोड पॉलिशची. बाकीचे दुकानदार दगड एकाच बाजूनं घासून घेतात. मी दोन्ही बाजूंनी घासतो. का, तर सरकार बदलतं, खातं बदलतं, पालकमंत्री बदलतात, कधी नुसता राग येऊन निमंत्रणपत्रिका बदलते. कोरलेला दगड पुसता येत नाही. पण उलटा करता येतो. या शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत असे कितीतरी दगड आहेत, ज्यांच्या पुढच्या बाजूला एक साहेब आणि भिंतीकडच्या बाजूला दुसरे साहेब आहेत. दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि मी त्यांना पाठीला पाठ लावून जन्माचं बांधून टाकलं.

आता भाऊसाहेबांकडं येतो.

भाऊसाहेब आमच्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा पिशोरकडच्या एका गावचे सरपंच होते. पाण्याच्या टाकीची कोनशिला हवी होती. त्या काळी छिन्नीचं काम होतं. भाऊसाहेब सकाळी आले, डालड्याचा डबा उपडा घातला, त्यावर बसले आणि संध्याकाळपर्यंत हललेच नाहीत. मी ठोकतोय आणि ते बघतायत. मधूनमधून म्हणायचे, "अजून खोल जाऊ द्या मिस्त्री. नातवंडांनी वाचलं पाहिजे." नाव पूर्ण झालं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि खाचेतून बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मग डोळे उघडून म्हणाले, "आता बरं वाटलं."

तेव्हापासून हा रिवाजच झाला. माणूस सरपंचाचा सभापती झाला, आमदार झाला, मग मंत्री झाला. पण दगड आमच्याच दुकानात कोरायचा, आणि पडदा उघडण्याआधी साहेबांनी डोळे मिटून बोट फिरवायचं. बरोबरचे अधिकारी दुसरीकडं बघायचे. मला मात्र त्या बोटाचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? बाकीचे नाव वाचायचे. हा एकटा माणूस माझं काम तपासायचा.

पिशोरपासून आत गेलं की एक गाव लागतं. तिथं सरकारी दवाखाना बांधून तयार झाला. खाटा आल्या, औषधाचं कपाट आलं, तरणा डॉक्टर आला, सिस्टर आल्या. आणि दाराला कुलूप! कारण उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं आणि मंत्र्यांना वेळ नव्हता. तारीख ठरायची, मांडवाचे बांबू यायचे, तारीख रद्द व्हायची, बांबू परत जायचे. डॉक्टर ग्रामपंचायतीच्या ओसरीत टेबल टाकून गोळ्या द्यायचा. इंजेक्शनं, सलाईन, सापाची लस, सगळं कुलपाच्या आत.

गावच्या सरपंच मंदाताई. अंगानं बारीक, आवाज मात्र शिवारापलीकडं जाईल असा. दगड कधी पाठवताय म्हणून त्या मला फोन करायच्या, आणि दरवेळी फोन दगडावरून सुरू होऊन त्यांच्या मालकांवर जायचा. त्यांचे मालक रामभाऊ. पावसाळ्यात त्यांना बांधावर साप चावला.

"तुमाला सांगते मिस्त्री, दवाखान्याच्या दारातून गेली आमची गाडी. कुलूप बघत बघत कन्नडला मोठ्या दवाखान्यात गेलो. मालक मला म्हनले, मंदे, पोहोचू का गं आपन? मी काय सांगू?"

रामभाऊ वाचले, पण पाय अधू झाला तो झालाच. तेव्हापासून लंगडत चालतात. फोनवर मागून त्यांचा आवाज यायचा, "अगं, मिस्त्र्याला कायला तरास देते? तो काय कुलूप तोडायलाय व्हय?" आणि ताई फोन न ठेवताच त्यांच्यावर ओरडायच्या. हे ऐकताना मला हसू यायचं, पण फोन ठेवला की विचार यायचा. कुलूप कशासाठी होतं? माझ्या दगडासाठी. दगडावरच्या नावासाठी.

अखेर तारीख पक्की झाली. मी सकाळीच टेम्पोतून दगड घेऊन पोहोचलो, भिंतीवर चढवला, पितळी टोप्यांचे स्क्रू आवळले, साटीनचा पडदा लावला. फक्त वरचे दोन भाऊसाहेबांच्या बोटासाठी जरा ढिले ठेवले, म्हणजे दगड थोडा पुढं झुकवला की खाचेतून बोट सहज फिरतं. व्हरांड्याच्या तोंडाला लाल फीत आणि फितीला झेंडूच्या माळा. मांडवात खुर्च्या, मागं चुलाणावर वांग्याची भाजी आणि बुंदी. ताईंनी नवी पैठणी नेसली होती आणि हातात ताटलीत कात्री घेऊन त्या सकाळपासून उभ्या होत्या. ताटली खाली ठेवायला सांगितलं तर म्हणाल्या, "नको बाई, ठिवली की तारीख पुढं जाती."

निरोप आला की साहेब वेरूळला घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन निघतायत. मी पिशवीतून छिन्नी काढली. तेवढ्यात मांडवात सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजायला लागले.

आधी बांधकाम खात्याच्या साहेबांचा चेहरा बदलला. मग तहसीलदारांचा. मग माईकवाल्यानं देशभक्तीचं गाणं मधेच बंद केलं. कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं: भाऊसाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पक्षसंघटनेची राज्याची जबाबदारी घेतलीय, तिच्याकडं पूर्ण लक्ष देण्यासाठी मंत्रिपद सोडत आहेत.

"सोडलं का काढलं?" मागच्या खुर्चीवरून एकजण.

"दोन्हीचं स्पेलिंग सारखंच अस्तं पेपरात," दुसरा म्हणाला. सगळे हसले. ताई हसल्या नाहीत.

त्यानंतर मी जे बघितलं ते एखाद्या लग्नातून नवरा पळून गेल्यावर होतं तसं होतं. बांधकामवाले साहेब फोन कानाला लावून जीपकडं चालत गेले आणि परत आलेच नाहीत. तहसीलदारांना एकदम कन्नडला महत्त्वाचं काम आठवलं. जाताना डॉक्टरला म्हणाले, "कार्यक्रम रद्द. नवीन मंत्री येतील, नवीन तारीख मिळेल. तोपर्यंत कुलूप काढू नका, वरून स्पष्ट सांगितलंय." डॉक्टरनं मान हलवली. किल्ली त्याच्या खिशात होती आणि त्याचा हात खिशावर होता.

ताई ताटली घेऊन माझ्यासमोर आल्या. "मिस्त्री, तारीख कोरली का?"

"नाही ताई."

"बरं केलं," त्या म्हणाल्या आणि मांडवातल्या खुर्चीवर बसल्या. कात्रीची ताटली मांडीवर. त्यांचा आवाज बंद झालेला मी पहिल्यांदाच ऐकला आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

आम्ही सगळे असे बसलेलो असताना रस्त्यावर एक साधी गाडी दिसली. पुढं पोलिसांची जीप नाही, मागं ताफा नाही. गाडी मांडवाशी थांबली, दार उघडलं आणि आतून भाऊसाहेब उतरले. बरोबर फक्त ड्रायव्हर. उतरले, इकडं तिकडं बघितलं. स्वागताला कोणी नाही, तुतारी नाही. तुतारीवाला जेवायला बसला होता. त्यानं घास तोंडात असतानाच तुतारी उचलली, पण भाऊसाहेबांनी हातानंच त्याला बस म्हणून सांगितलं.

"मी जेवायला आलोय," ते म्हणाले. "स्वैपाक माझ्या नावानं झालाय ना? मग मंत्र्याचा असो का कोणाचा, वाया कायला घालवायचा?"

माणसं हसली, उठून नमस्कार करायला लागली. भाऊसाहेब माझ्याकडं आले. मी विचारलंच, कारण मला राहवत नाही. "साहेब, चांगलं मंत्रिपद सोडून हे काय?"

"मिस्त्री," ते हळूच म्हणाले, "मंत्र्याचं नाव दगडावर टाकतात. कोणाचं टाकायचं ते संघटना ठरवती. आता कळलं का?" आणि मला डोळा मारला. पण चेहरा घामानं डबडबला होता आणि रंग मला काही ठीक वाटला नाही. म्हटलं, उन्हातून आलेत.

तेवढ्यात ताई उठल्या. ताटली पुढं केली. "साहेब, घ्या कात्री. मंत्री नसला तर नसला. आमच्या तालुक्याचे तर हायेत."

भाऊसाहेब मागं सरले. "नाय ताई. मी कापली तर नवा मंत्री पहिल्याच दिवशी रुसंल. उद्यापासून मलाच सगळ्यांना शिस्त शिकवायचीय, आन् आजच मी मोडू?"

"मग डॉक्टर, तुमी खोला."

डॉक्टर रडवेला झाला. "ताई, माझी नोकरी जाईल हो. मला वरून फोन आलाय."

मग ताईंचा आवाज परत आला. पण ओरडल्या नाहीत. "साहेब, तुमी मंत्री व्हता तवा तुमाला टाइम नव्हता. आता टाइम हाय तर तुमी मंत्री नाय. आमी कवा आजारी पडायचं तेवढं सांगा. त्या हिशेबानं पडतो." आणि त्यांनी रामभाऊंकडं बोट केलं. रामभाऊ नेमके बुंदी वाढायला लंगडत येत होते. बादली घेऊन जिथल्या तिथं उभे राहिले.

भाऊसाहेब रामभाऊंच्या पायाकडं बघत होते. बराच वेळ बघत होते. त्यांच्या तोंडावरचं हसू कुठं गेलं कळलं नाही. मग त्यांनी डॉक्टरकडं बघितलं, दाराच्या कुलपाकडं बघितलं, चालत दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेले, खाली बसले आणि छातीवर हात ठेवला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "मला कसंतरीच व्हायलंय."

डॉक्टर हबकला. "काय होतंय साहेब?"

"छातीत. चक्कर भी यायलीय. डॉक्टर, समोर पेशंट मरायला लागला तर वरून फोन आलाय म्हणून सांगणार का? तसा काही नियम हाय?"

"नाही... तसा नियम नाही."

"मग?"

मंदाताईंना सगळ्यांच्या आधी उमगलं. ताटली माझ्या हातात कोंबून त्यांनी जी हाळी दिली ती पिशोरपर्यंत गेली असेल. "अगं बया! माणूस मरायलाय आन् काय बघत बसलेत! उचला, उचला त्यास्नी! डॉक्टर, कुलूप!"

डॉक्टरनं किल्ली काढली. पण मधे फीत! ती तोडली की उद्घाटन झालं. डॉक्टर फितीखालून वाकून गेला आणि कुलूप काढलं. आता भाऊसाहेब म्हणजे काही हलकं प्रकरण नाही. ड्रायव्हर, तुतारीवाला आणि दोन गडी, चौघांनी त्यांना उचललं, फितीशी आले आणि अडले. वरून न्यावं तर फीत पोटाला अडकते, खालून न्यावं तर चौघांना रांगावं लागतं. आणि छातीवर हात ठेवून निपचित पडलेला पेशंट डोळे मिटून सूचना देतोय, "खालून घ्या रे, खालून! फीत तुटू देऊ नका, नाहीतर उद्घाटन व्हईल!"

शेवटी चौघं खरंच रांगले. झेंडूच्या पाकळ्या भाऊसाहेबांच्या डोक्यावर पडल्या. मी कात्रीची ताटली घेऊन मागून वाकून आत गेलो.

आत सगळं कोरं करकरीत. खाटेवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, साहेबांना ठेवलं तर ते चुरचुर वाजलं. सिस्टरनी नवं खोकं फोडून बीपीचं मशीन काढलं. वही उघडली. पहिलंच पान.

"नाव?" नाव सगळ्यांना माहीत होतं. वय सांगितलं. "व्यवसाय?"

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मघापासून टीव्हीवर त्यांच्याबद्दल एवढं बोललं गेलं, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. सिस्टर म्हणाल्या, "संघटना लिहू का?"

"शेती लिव्हा," ते म्हणाले.

डॉक्टरनं पट्टा बांधला, फुगवला, सोडला. परत फुगवला. दुसऱ्या हाताला बांधला. भाऊसाहेब कुजबुजले, "बस की डॉक्टर, झालं काम. किती नाटक करायचं?"

डॉक्टर मात्र आता पहिल्यासारखा दिसत नव्हता. आवाजात कसली भीती नव्हती. "साहेब, तुम्ही नाटक करत असाल. मशीन करत नाहीये. उठायचं नाही. बोलायचं नाही. किती दिवस झाले घाम येतोय असा?"

साहेब लहान लेकरासारखं म्हणाले, "दौऱ्यात टाइमच नाय मिळत."

ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मघाशी एवढ्या मोठ्यानं हाळी देणारी बाई हमसून रडायला लागली. मला कळेना, साहेबांसाठी रडतेय का रामभाऊंसाठी. बहुतेक त्यांनाही कळत नव्हतं. माझेही डोळे भरले. मी कात्रीच्या ताटलीकडं बघत उभा राहिलो.

गोळी दिली, सुई दिली, ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाला, आज थांबलं ते बरं झालं, असेच पुढं गेले असते तर सांगता येत नव्हतं. दुपारभर त्यांना तिथंच झोपवलं. आणि दवाखाना उघडाच आहे म्हटल्यावर मांडवातली माणसं उठली. कोणाचा खोकला, कोणाचे गुडघे. एकेकजण फितीखालून वाकून आत. एक म्हातारी म्हणाली, "मला काय, मी आदीच वाकलेली हाय," आणि सरळ चालत गेली.

ऊन कलल्यावर भाऊसाहेब डॉक्टरच्या परवानगीनं बाहेर आले. शहरातल्या दवाखान्यात जायचं होतं, गाडी तयार होती. मी म्हटलं, "साहेब, दगडाचं काय करू? नवा मंत्री, नवं नाव, म्हणजे नवा दगड. दगड बसेपर्यंत परत कुलूप."

त्यांनी पडदा स्वतः बाजूला केला. दगड पुढं झुकवला, डोळे मिटले, नेहमीसारखं बोट फिरवलं. शेवटच्या अक्षरावर बोट जरा थांबलं.

"दोन्हीकडून घासलाय ना?"

"घासलाय."

"मग फिरव."

मी स्क्रू काढले, दगड फिरवला, परत आवळले. नावं भिंतीकडं, कोरी बाजू पुढं. कोणी अधिकारी विचारायला आला तर सांगायचं, कोनशिला बसवलेली आहे, मजकूर यथावकाश. विचारायला कोणी आलं नाही. नव्या मंत्र्यांना शहरातलीच उद्घाटनं पुरली. दवाखाना फितीखालून चालत राहिला. फुलं वाळली की ताई नवीन झेंडू बांधायच्या, फीत कापता येत नाही, तर निदान तिच्यावरची फुलं तरी ताजी असावीत म्हणून. मग एक दिवस त्यांचा फोन आला.

"मिस्त्री, झालं उद्घाटन!"

"कोणाच्या हातानं?"

"हातानं नाय वं, तोंडानं. सखूच्या शेळीनं झेंडू खाल्ला, संगट फीत भी खाल्ली." मागून रामभाऊंचा आवाज आला, "इचार मिस्त्र्याला, नाव कोरायचं का तिचं?" मी म्हटलं, कोरतो की. पण आधी शेळीच्या लोकांना विचारा, वर कोणाचं टाकायचं आणि खाली कोणाचं.

दगड अजून कोराच आहे. काळा ग्रॅनाइट, घासलेला, म्हणजे आरसाच. रांगेत बसलेल्या बाया त्यात बघून कुंकू नीट करतात, माणसं केस विंचरतात. माझ्या उभ्या जन्मात माझ्या कुठल्याही दगडाकडं माणसांनी इतका वेळ बघितलेलं नाही, आणि त्यावर मी एक अक्षर कोरलेलं नाही. हे मला लागतं. आणि आवडतं पण.

मध्यंतरी त्या बाजूला काम होतं म्हणून डोकावलो. रांगेत भाऊसाहेब बसलेले. शहरात एवढाले दवाखाने आहेत, पण दर महिन्याला बीपी दाखवायला इथंच येतात, आणि नंबर लावून बसतात. लावला नाही तर मंदाताई बसू देत नाहीत. मला बघून उठले, मला दगडापाशी घेऊन गेले. वाळले होते, पण चेहऱ्यावर तजेला होता. दगडावर टिचकी मारून हळूच म्हणाले,

"मागं हाय ना रे?"

"आहे साहेब."

"सोनेरी भरलंय?"

"भरलंय. तारीख तेवढी राहिलीय. काढू का दगड, घालू?"

"नको, नको. तारखेची घाई नाय," ते म्हणाले, आणि मला एकदम खुलताबादच्या चाचांची आठवण झाली. मग त्यांनी खिशातून कंगवा काढला आणि दगडात बघून भांग पाडायला लागले. चांगला निवांत, इकडून तिकडं. मागं एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. तिलाही पदर सारखा करायचा होता. थोडा वेळ थांबली आणि मग म्हणाली,

"व्हा की बाजूला आता, साहेब. आमाला भी बघू द्या."

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, दगडाकडं बघितलं, कंगवा खिशात घातला. आणि बाजूला झाले.